ब्रेकबाईच्या वाट्याची प्रार्थना

चूक माझ्या पायांची होती. डोक्याला सगळं ठाऊक होतं. कागदावर सह्या झालेल्या, बायको तिच्या भावाच्या गावी राहायला गेली त्याला वर्ष होत आलेलं, कपाटाची एक बाजू रिकामी. डोक्याला हे पक्कं माहीत. पायांना मात्र कुणी कळवलंच नव्हतं.

आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. उपासना संपत आली की पाळकसाहेब म्हणतात, "या आठवड्यात ज्यांचा वाढदिवस आहे, ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, त्यांनी पुढे यावं." मग ती माणसं पुढे जातात, घरचे त्यांच्या मागे उभे राहतात, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि मंडळी गाणं म्हणते. वीसेक वर्षं त्या एका रविवारी मी नि बायको पुढे गेलो. भांडण असलं तरी गेलो. एकदा तर घरापासनं चर्चपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तरी पुढे जाऊन हातात हात दिला, आणि गाणं संपल्यावर काढून घेतला.

तर त्या रविवारी पाळक म्हणाले, "पुढे यावं," आणि मी उठलो.

आता मी कुठनं उठलो तेही सांगतो. दाराजवळ, विजेच्या बटणांखाली एक सुटी खुर्ची आहे, तिथनं. आमच्या जुन्या बाकावर मी बसलो की शेजारची माणसं तिच्या जागेएवढी फट सोडून बसायची. चांगुलपणानं सोडायची बिचारी. पण त्या फटीतनं नुसता वारा यायचा. म्हणून मी आपला खुर्चीवर गेलो. तिथे फट पडायचा प्रश्न नाही.

मधल्या वाटेनं निम्म्यात पोचलो आणि मला आठवलं, की आपल्याबरोबर कुणी नाहीये. पाय थांबले. उजवीकडचे बघतायत, डावीकडचे बघतायत. मागे फिरावं तर तेवढीच वाट परत चालायची, आणि तीही तोंड दाखवत. पुढे गेलं तर निदान पाठ तरी दिसेल. गेलो पुढे.

पुढे एकच माणूस उभं होतं. ब्रेकबाई.

हे नाव मंडळीनंच पाडलेलं. बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि बाईचा पाय कायम त्याच्यावर. चर्चमध्येसुद्धा. प्रवचन लांबलं की तिचा पाय फरशीवर हळूच दाबला जायचा, मी मागनं पाहिलंय. पन्नाशीची, ताठ, केस बारीक कापलेले. तिचंही लग्न मोडलेलं, माझ्या कितीतरी आधी. आमच्या चर्चला येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, आणि तिच्याशी गप्पा मारायला कुणी फारसं धजायचं नाही. त्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता.

आमच्या पाळकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, असं ते दर महिन्याला सांगतात. त्यांना समोर एक बाई दिसली, शेजारी एक बाप्या दिसला. त्यांनी तिचा हात उचलला, माझ्या हातात ठेवला, आमच्या डोक्यांवर आपले दोन हात टेकवले आणि डोळे मिटले.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे सांगायचं ना. अहो, प्रार्थना सुरू झाली की तोडायची नाही, हे आमच्यात दुधाच्या दातांपासनं शिकवतात. घराला आग लागली तरी आमचा माणूस आधी आमेन म्हणेल आणि मग बादली शोधेल.

"अहो," बाई डोळे मिटून कुजबुजली, "हे काय चाललंय?"

"प्रार्थना."

"ते कळतंय मला! कुणासाठी?"

"आपल्यासाठी वाटतं."

"आपल्या म्हणजे?"

तेवढ्यात पाळक मोठ्यानं म्हणाले, "हे प्रभू, या जोडप्याला तू एकत्र आणलंस. यांचा संसार फुलव. यांचं घर लेकराबाळांनी भरून टाक!"

बाईनं माझा हात हँडब्रेक ओढतात तसा ओढला. माझ्या तोंडून "आई गं" निघालं, ते मंडळीला भक्तीचं वाटलं असणार. पाळकांना चेव चढला. त्यांनी आमच्यातला रुसवा काढला, आमच्या सासू-सासऱ्यांना आयुष्य मागितलं, म्हातारपणी एकमेकांची काठी होऊ दे म्हणाले.

खरं सांगू? मला बरं वाटत होतं. मी सोफे-गाद्या शिवणारा माणूस. दिवसभर माझ्या हाताखाली फोम, रेक्झीन, नाहीतर गोणपाट. माणसाचा हात कधी लागतो? गिऱ्हाईक सुटे पैसे देतं तेव्हा. बाईचा हात कोरडा होता, स्टिअरिंग धरून धरून तळव्याला घट्टे पडलेले. पण गरम होता. मला ती प्रार्थना संपायला नको होती.

आमेन झालं. मंडळीनं डोळे उघडले आणि सगळ्यांची तोंडंही उघडीच राहिली. गाणं सुरू करायचं ते निम्म्यांनी वाढदिवसाचं केलं आणि निम्म्यांनी लग्नाचं.

बाहेर आलो तर लाऊडस्पीकर मावशी पायरीवर टपलेली. तिचं हे नाव का पडलं ते सांगायला नको. "अगं बाई! कधी उरकलंत? कुणाला पत्ता लागू दिला नाही! जेवण बुडवलंत आमचं!"

"मावशी," बाई म्हणाली, "मला या गृहस्थांचं नाव पण माहीत नाही."

"चला, आता हळूहळू कळेल," मावशी म्हणाली आणि पुढच्या घोळक्याकडे गेली बातमी द्यायला.

बाई माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता हसेल. कुणीही हसलं असतं. तिचे डोळे भरले होते.

"माझी प्रार्थना गेली तुमच्यामुळे," ती म्हणाली.

"अं?"

"वाढदिवसाची. तुम्ही मध्ये आलात आणि ती तुमच्या लग्नाला गेली. तेही न उरलेल्या. चला पाळकांकडे."

चर्चच्या मागे पाळकांची छोटी खोली आहे. ते झगा काढून बसले होते. ऐकलं आणि बिचाऱ्यांनी कपाळालाच हात लावला.

"म्हणजे मी देवाला चुकीचं सांगितलं?"

"देवाला माहीत असेल कोण कुणाचं ते," बाई म्हणाली. "मंडळीला माहीत नाही. उद्यापासनं माझे विद्यार्थी मला विचारतील, तुमचे साहेब काय करतात."

"मग असं करू," पाळक म्हणाले. "येत्या रविवारी मी सगळ्यांसमोर चूक कबूल करतो. स्पष्ट सांगतो, की तुम्हा दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि बाई, तुमच्यासाठी वेगळी प्रार्थना करतो. तुमच्या एकटीसाठी. चालेल?"

"चालेल."

"तुम्हाला?" त्यांनी माझ्या दिशेला विचारलं.

मी म्हटलं, "चालेल." दुसरं काय म्हणणार? काही संबंध नाही. बरोबरच होतं की ते. पण ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगणार म्हणजे… जाऊ दे. मला ते सांगायला नको होतं, एवढंच.

आता माझ्या घराचं सांगतो. पुढे दुकान, मागे खोली. बायको गेली तेव्हा आरडाओरडा काही झाला नाही. सकाळी ती म्हणाली, "मला आता नको." मी विचारलं, "चहा?" ती म्हणाली, "नाही हो. हे सगळंच." तिनं तिची भांडी नेली, पडदे नेले. मी शिवलेला दोन माणसांचा सोफा तेवढा ठेवला, दारातनं निघत नव्हता म्हणून. मी त्याच्यावर बसत नाही. दोघांच्या मापाच्या सोफ्यावर एकटा माणूस बसला की कुठेही बसला तरी चुकीचाच बसल्यासारखा वाटतो. मी आपला कामाच्या स्टुलावर जेवतो. रेडिओ लावतो आणि बातम्या देणाऱ्याशी वाद घालतो. तो ऐकून घेतो.

मंगळवारी दुपारी दुकानासमोर शिकाऊ पाटीची गाडी थांबली. ब्रेकबाई उतरली.

"सीट शिवता का गाडीची?"

"बसायचं काहीही शिवतो."

"बघा मग."

ड्रायव्हरच्या सीटच्या दोन्ही कडा फाटलेल्या. शिकणारी माणसं घाबरली की स्टिअरिंग सोडून सीटला धरतात म्हणे, नखं रुतवून. आतला फोम कुरतडल्यासारखा बाहेर आलेला. मी सीट खोलली, आत आणली. आता सीटशिवाय गाडी चालणार कशी? बाईला बसून राहणं भाग होतं. तिनं दुकानात चौफेर पाहिलं, मागच्या खोलीत डोकावली आणि सरळ जाऊन त्या सोफ्यावर बसली. मधोमध.

"चांगला आहे की. वापरत नाही वाटतं?"

"नाही वापरत."

"का?"

"दारातनं निघत नाही."

"म्हणून बसायचं नाही?"

मी दोन अंडी उकडली, पाव कापला. बाईनं अंड्याला मीठ कमी आहे सांगितलं, पाव जाड कापलाय सांगितलं, आणि सगळं खाल्लं. मी टाके घालत होतो. ती बघत होती. मला जरा जास्तच सरळ टाके पडत होते.

मग ती आपणहून बोलायला लागली. "तुम्हाला वाटलं असेल, एवढ्याशा प्रार्थनेसाठी बाई रडायला लागली."

"नाही वाटलं."

"वाटलंच असेल. ऐका. मी दिवसभर माणसांच्या शेजारी बसते. अगदी खांद्याला खांदा. आणि दिवसभर एकच सांगते, समोर बघा. माझ्याकडे नाही, समोर बघा. सगळे ऐकतात. शिकून झालं की लायसन घेऊन निघून जातात. रस्त्यात दिसले तर समोरच बघत असतात." ती हसली. "चांगलं शिकवते मी."

मी दोरा चावून तोडला.

"वर्षातनं एकदा कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवतं," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन देवाला सांगतं, की हिला सांभाळ. तेवढंच काय ते मिनिटभर. बाकी वर्षभर मीच सगळ्यांना सांभाळते. ते मिनिट मी आदल्या महिन्यापासनं धरून बसलेली असते. आणि तुम्ही आलात मध्ये लुटुलुटु चालत."

"मला वाटलं नव्हतं तुम्ही तिथे…"

"पाहिलं मी तुम्हाला. निम्म्या वाटेत थांबलात. तेव्हाच कळलं मला काय झालंय ते. माझंही झालंय असं, आधीच्या चर्चमध्ये, पहिल्या वर्षी. मी तर शेजारच्या रिकाम्या जागेला म्हटलं होतं, उठा."

सुई बोटात गेली, मी बोट तोंडात घातलं. मनात होतं ते ओठांवर आलं होतं. की बाई, रविवारी पाळकांना ते नको सांगू द्यायला. संबंध नाही तर नाही, पण तसं जाहीर कशाला करायचं? राहू दे ना आठ-पंधरा दिवस मंडळीच्या मनात. कुणाचं काय जातंय? मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "उजवीकडचा फोम पण बदलून टाकू का?"

"टाका," ती म्हणाली.

सीट बसवली. बाई तिच्यावर बसली, हलून पाहिलं, मान डोलावली, पैसे दिले आणि गेली. आत आलो तर सोफ्याच्या मधोमध खळगा पडलेला. नवा फोम लगेच वर येतो. हा जुना होता, सावकाश आला. मी तो पूर्ण वर येईपर्यंत बघत उभा राहिलो.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. गाडी आली नाही. एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीला मी भलतंच कापड लावलं, उसवून परत लावलं. बाहेर कुठेही जोरात ब्रेक लागला की मान वर जायची. शनिवारी पाळकांच्या घरापर्यंत चालत गेलो, काय सांगायचं ते ठरवून. दारात त्यांची बायको भेटली, म्हणाली, "या ना, ते झोपलेत, उठवू का?" मी म्हटलं, "नको, सहज आलो होतो." सहज कोण येतं एवढं चालत.

रविवारी मी माझ्या खुर्चीवर. बाई पुढून तिसऱ्या बाकावर, टोकाला. कडक इस्त्री, कानात काहीतरी चमकणारं. आजच्या मिनिटासाठी तयारी करून आलेली.

पाळक उभे राहिले. "मंडळी, गेल्या रविवारी माझ्या हातून चूक झाली. ज्या दोघांना मी नवरा-बायको समजलो, ते नवरा-बायको नाहीत. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. कुणी गैरसमज करून घेऊ नये."

सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी वर पंख्याकडे बघितलं.

"आता आपल्या बहिणीच्या वाढदिवसाची प्रार्थना राहिली आहे. बाई, पुढे या. आणि घरच्यांनी सोबत उभं राहावं."

हे शेवटचं वाक्य ते सवयीनं बोलले. दर रविवारी बोलतात, आणि दर रविवारी कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाची पोरं उठून मागे उभी राहतात. बाई पुढे गेली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तिच्या मागे ती मोठी मोकळी फरशी. पाळक थांबले. त्यांना दिसत नव्हतं ना, त्यांना वाटलं येतायत कुणीतरी. ते थांबलेच. कुणी खोकलं. कुणी गाण्याचं पान उलटलं. बाईच्या पाठीत काहीच हललं नाही, फक्त मान आणखी ताठ झाली.

या वेळी पाय आपणहून उठले नाहीत. त्यांना मी उठवलं. फार जड होते हो. मधल्या वाटेनं निघालो आणि कुठेही थांबलो नाही. जाऊन तिच्या मागे उभा राहिलो.

पाळकांना माझी सावली दिसली. "कोण?"

"मी. सोफेवाला."

"पण… आत्ताच मी सांगितलं ना, की तुमचा संबंध…"

"बरोबर सांगितलंत. काही संबंध नाही."

"मग तुम्ही कुणाच्या नात्यानं उभे आहात?"

मला काही चांगलं बोलायचं होतं. डोक्यात एकच होतं, तेच बाहेर पडलं. "यांच्या गाडीची सीट मी शिवली आहे."

लाऊडस्पीकर मावशी फस्सकन हसली. मग दुसरं कुणी, मग सगळं चर्च. हसू ओसरलं तसं मी म्हटलं, "एकटी उभी आहे ती, पाळकसाहेब. मला बघवेना. नको असेल तर जातो परत."

पाळक म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. राहू दे का यांना?"

ती मागे वळली नाही. तिचा पाय फरशीवर दाबला जातोय असं मला वाटलं, आणि म्हटलं, संपलं, लागला ब्रेक. परतीची वाट किती लांब आहे हे मी डोळ्यांनी मोजायला लागलो.

"राहू दे," ती म्हणाली. मग मान जराशी वळवून, मला ऐकू जाईल एवढंच, "पण मागेच उभे राहा. आणि या वेळी प्रार्थना माझी आहे."

"तुमचीच आहे," मी म्हटलं.

पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचं नाव घेतलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं. ते मी इथे सांगणार नाही, तिचं तिच्याजवळ राहू दे. ते म्हणाले, हिला सांभाळ. तिचे खांदे खाली आले. एवढे खाली आले, की तेव्हा कळलं ते किती वर उचलून धरलेले होते. मी हात मागे बांधून उभा होतो.

उपासना सुटल्यावर ती पायरीवर रुमाल शोधत होती. मी माझा काढला, त्याला रेक्झीनचा वास होता, परत खिशात घातला.

"तुमचा कधी असतो?" तिनं विचारलं.

"काय?"

"वाढदिवस हो."

मी सांगितला. नुकताच होऊन गेला होता. पुढचा यायला जवळजवळ सगळं वर्ष पडलं होतं. क्षणभर वाटलं, खोटंच सांगावं एखादं जवळचं. पण चर्चच्या पायरीवर उभा होतो.

"झाला की मग," ती म्हणाली. "गेला होतात पुढे?"

"नाही. त्या रविवारी घरीच बसलो."

"का?"

"मागे कोण उभं राहणार?"

तिनं गाडीचं दार उघडलं. कुणीतरी शिकायला वाट बघत असणार, तिला घाई होती. एक पाय आत ठेवून ती थांबली.

"त्या महिन्यात माझ्या शिकणाऱ्या मुलांच्या लायसनच्या परीक्षा असतात," ती म्हणाली. "बघते."

गाडी वळणावर जाऊन नीट थांबली, बाईनं दोन्हीकडे बघितलं, मग गेली. मी घरी आलो. खोली होती तशीच होती. स्टुलावर बसलो, पाव खाल्ला, रेडिओ लावला नाही. बघते म्हणाली ती. बघते म्हणजे काही हो नव्हे. पण मी ते दिवसभर तोंडात घोळवत होतो.